तेवीस फुटांचा मफलर

आमच्या घरातला सहा कपांचा टी-सेट मी स्वतः पसंत केला, स्वतः भिलाईच्या सुपेला बाजारातून आणला, स्वतः चकचकीत कागदात गुंडाळला आणि रिटायर झालो त्या दिवशी तो मलाच भेट मिळाला.

झालं असं, की कोहका भागात आमच्या शेजारी कुरियन राहतात. मूळचे केरळचे, पण माझ्यासारखाच सगळा जन्म स्टील प्लँटमध्ये घालवलेला माणूस. दर नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे घरी केलेला केक येतो. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. म्हणून आम्हीही दर नाताळला त्यांना काहीतरी वस्तू देतो. एका वर्षी दिला तो हा टी-सेट. पुढे माझ्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात कुरियनसाहेबांनी मला मिठी मारली, डोळे पुसले आणि एक खोकं हातात ठेवलं. घरी येऊन उघडलं, तर बशीखाली चिठ्ठी : ‘मेश्राम परिवार की ओर से, मेरी क्रिसमस.’ अक्षर माझंच! (म्हणजे त्यांनी खोकं उघडूनही पाहिलं नव्हतं. दुःख त्याचंच जास्त झालं.)

“आला तं आला वापस,” माझी बायको कुंदा म्हणाली, “कप चांगले हायेत.”

“अवं, पण इज्जतीचा सवाल हाये! या नाताळले मी असं काई देईन का तो माणूस ते कोणालेच देऊ शकणार नाई!”

आमची पिंकी कॉलेजात आहे. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “पप्पा, हैंडमेड दो ना. हाथ की बनी चीज़ कोई आगे नहीं सरकाता.”

पोरगी लाख बोलली! आता हातानं काय करायचं, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. कुंदा नेहमीप्रमाणे खिडकीशी स्वेटर विणत बसली होती. तीस वर्षं फर्स्ट शिफ्टला मी जे स्वेटर घालून सायकल हाणली, ते सगळे तिच्याच हातचे. पण ते आपोआप येतात, अशीच माझी समजूत होती. आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

“मफलर विणतो. त्याच्यात का एवढं? दोन काड्या अन् एक धागा!”

सुयांचा आवाज थांबला.

“बरं,” कुंदा म्हणाली. “विणा मंग. पण मले एक शब्द विचारायचा नाई.”

“कावून विचारीन? गिअरबॉक्स खोलून बसवला मी, तोही कोणाले न विचारता!”

मी फिटर माणूस. आधी कागदावर ड्रॉइंग काढलं. कुरियनसाहेब, त्यांच्या मिसेस लिसी, दोन मुली आणि कुरियनसाहेबांची आई अम्मची, असे पाच मफलर. लांबी पाच फूट, रुंदी आठ इंच. मोजमापात माझा हात धरणारा आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी नव्हता, हे मी पिंकीला दोनदा सांगितलं. (तिनं दोनदा ‘हाँ पप्पा’ म्हटलं.) मोबाइलवर विणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचा ‘भाग पहिला’ पाहिला, चाळीस टाके सुईवर चढवले आणि कामाला लागलो. पहिले तीन दिवस मफलर मच्छरदाणीसारखा दिसत होता. चौथ्या दिवशी हात बसला. सुलट, उलट, सुलट, उलट. दर सहा इंचांवर व्हर्नियर कॅलिपर लावून रुंदी तपासत होतो. एवढ्या काळजीनं विणलेला मफलर साऱ्या छत्तीसगडात नसेल!

आठव्या दिवशी पाच फूट पुरे झाले आणि माझ्या लक्षात आलं, की हे थांबवायचं कसं ते मला माहीत नाही.

सुईवर चाळीस टाके तोंड वासून बसलेले. सुई काढली तर सगळं उसवणार. त्या बाईंचा ‘भाग दुसरा’ शोधला, तर त्यांनी तो टाकलेलाच नव्हता. (बहुधा त्याही अजून विणतच असतील.) दुसऱ्या एका बाईंचा सापडला, पण त्या डावखुऱ्या निघाल्या, आणि त्यांच्यासारखं करायला जाऊन माझ्या अंगठ्याला पीळ बसला. कुंदा समोरच बसली होती. एक शब्द विचारला असता, तर काम दोन मिनिटांचं होतं. पण तो एक शब्द म्हणजे माझी तीस वर्षांची फिटरकी पाण्यात! मी विणत राहिलो.

सात फूट झाले. दहा झाले.

“पप्पा, ये किसके लिए है? जिराफ़ के लिए?”

“डिझाइनच तशी हाये.”

लाल लोकर संपली, पांढरी संपली. मग मी ट्रंकेतले उरलेसुरले गुंडे काढले. पिंकीच्या शाळेच्या स्वेटरची निळी लोकर, माझ्या जुन्या स्वेटरची मेंदी रंगाची, कुंदाच्या कोणत्या तरी शालीची हळदी. मी गच्चीवर उन्हात बसून विणत असे आणि मफलर जिन्यावरून एक एक पायरी खाली उतरत असे. कुंदा तो ओलांडून वर कपडे वाळत घालायला यायची, पाहायची आणि काही न बोलता जायची. तिचं ते न बोलणं मला टोमण्यापेक्षा जड जात होतं.

तेवीस फुटांवर चोवीस डिसेंबर उजाडला. आता काही ना काही करणं भाग होतं. तेव्हा माझ्यातला फिटर जागा झाला. पार्ट सुटत असेल तर काय करतात? लॉक करतात! मी तांब्याची बारीक तार घेतली, चाळिसाच्या चाळीस टाक्यांतून ओवली, धाग्याचं टोक तारेच्या टोकाला बांधलं आणि पक्कडीनं पीळ दिला. मग सुई काढली. एकही टाका हलला नाही! मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

एवढा ऐवज मावेल असं खोकं घरात एकच होतं, आमच्या जुन्या मिक्सरचं. त्यातच कोंबला.

नाताळच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं कुरियनांकडे गेलो. हॉल पाहुण्यांनी भरलेला, चरोद्याहून रेल्वेतले दोघं-तिघंही आलेले. मी खोकं पुढे केलं आणि लिसीभाभींचा चेहरा उजळला.

“अरे भाई साब! मिक्सी? इतना क्यों किया?”

कुरियनसाहेबांनी खोकं उघडलं, टोक धरलं आणि ओढू लागले. लाल निघाला, पांढरा निघाला, निळा निघाला, ते मागे सरकत दारापर्यंत गेले तरी मफलर निघतच होता. पाहुणे जादूचा खेळ पाहावा तसे पाहत होते. शेवटी कुरियनसाहेब व्हरांड्यात पोचले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, “मेश्राम जी, ये... सबका एक ही है?”

“हाँ साहब,” मी म्हणालो, “जॉइंट फॅमिली मॉडेल है.”

सगळे हसले. मीही हसलो, पण मला समोर पुढचा कार्यक्रम दिसत होता. हे खोकं पुन्हा बांधलं जाणार, कोणाच्या तरी लग्नात जाणार आणि फिरत फिरत एक दिवस आमच्याच दारी येणार. मला खरंच वाईट वाटलं. महिनाभर बोटं झिजवली होती मी.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून अम्मची म्हणाल्या, “इधर लाओ.”

अम्मचींचं वय पंच्याऐंशी. भिलाईची थंडी त्यांना सगळीकडून लागते : कानाला, कमरेला, गुडघ्यांना. त्यांनी मफलर घेतला, डोक्याला गुंडाळला, गळ्याभोवती दोन वेढे दिले, कमरेला एक घेतला, आणि उरला तो दोन्ही गुडघ्यांवर पांघरला. मग डोळे मिटले.

“पहली बार,” त्या म्हणाल्या, “किसी ने पूरा बुढ़िया नापकर बनाया है.”

हॉलमध्ये टाळ्या! मी नम्रपणे मान झुकवली, जणू सुरुवातीपासून माझा हाच बेत होता.

खूश होऊन अम्मची उठल्या आणि सगळ्यांना स्वतःच्या हातानं केक द्यायला निघाल्या. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून व्हरांड्यात, तिथून परत हॉलमध्ये. पिंकीनं माझी बाही ओढली.

“पप्पा. पीछे देखो.”

माझ्या लॉकचं टोक शोकेसच्या कडीत अडकलं होतं. तार टाक्यांतून सरसर निघून तिथंच लटकत होती, तिला बांधलेला धागा ताणला जात होता, आणि अम्मची चालतील तसा मफलर मागच्या मागे उसवत होता. हळदी रंगाचा धागा टेबलाच्या पायांना, नाताळच्या झाडाला आणि चरोद्याच्या एका रेल्वे गार्डसाहेबांच्या बुटाला वेढे घालून सगळ्या घरभर पसरला होता!

“अम्मची, रुकिए!” मी ओरडलो आणि धावलो. गार्डसाहेब मदतीला उठले ते धाग्यात अडकून सोफ्यावरच परत बसले. मी अम्मचींपर्यंत पोचलो आणि मफलरला हात घातला. “अम्मची, ये ज़रा दीजिए!”

अम्मचींनी तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

“वापस माँगता है?” त्या कडाडल्या. “नहीं दूँगी! एक बार दिया तो दिया! कुरियन, इसको बोलो, मैं किसी को नहीं दूँगी!”

काय सांगू! घरभर माझी अब्रू धाग्याधाग्यानं पसरली होती आणि माझे डोळे आनंदानं भरून आले होते. ‘कोणालाच देणार नाही!’ हेच तर ऐकायचं होतं मला. मी तसाच उभा राहिलो, आणि मफलर उसवतोय हे क्षणभर विसरूनच गेलो.

विसरली नाही ती कुंदा. ती शांतपणे उठली, पर्स उघडली आणि तिच्यातून विणकामाची सुई काढली. अम्मचींना खुर्चीत बसवलं, सुटलेले टाके एकेक करून सुईवर घेतले, आणि बोलता बोलता चाळिसाच्या चाळीस बंद केले. एवढ्या लांबीतून उसवला होता फक्त वीतभर. सगळं मिळून दोन मिनिटं. मी मोजली.

“पर्समध्ये सुई कवापासून हाये?” मी हळूच विचारलं.

“महिना झाला. घेऊन फिरून राहिली.”

“मंग सांगितलं कावून नाई?”

“तुमी विचारलं कोठी?”

तीस वर्षांच्या स्वेटरांबद्दल मी कधी एक शब्द बोललो नव्हतो, ते मला त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर आठवलं आणि लाज वाटली. मी तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, “केक खा.”

त्या दिवशी मला पाच ऑर्डरी मिळाल्या! कुरियनसाहेबांनी स्वतःसाठी सांगितला, लिसीभाभींनी मिक्सरचं दुःख विसरून सांगितला, आणि गार्डसाहेब तर म्हणाले, “मुझे भी लंबा वाला चाहिए, सिर से घुटने तक.” अम्मची पुढच्या महिन्यात केरळला गेल्या, मफलरासकट. तिकडून त्यांचा फोन आला : “मेश्राम, इधर तो पसीना आता है. फिर भी पहनती हूँ.” तो टी-सेटही आता वापरात आहे. कुरियनसाहेब आले की त्यातच चहा देतो, आणि ते दर वेळी विचारतात, “कप अच्छे हैं, कहाँ से लिए?”

मी अजून रोज विणतो. टाके बंद करायला मात्र कुंदाकडेच जातो. एकदा म्हटलं, “शिकवून दे ना मले.”

“नाई शिकवत,” ती म्हणाली. “मंग मले कोण विचारन?”

हे लिहिता लिहितासुद्धा मला थांबायचं कुठं ते कळेना. शेवटी कुंदानंच मागून वाचलं आणि म्हणाली, “किती लांबवून राहिले? आना इकडे, बंद करून देते. अन् ते तेवीस फूट खोडा. तुमी खोक्यात कोंबण्याआधी मी मोजला होता, साडेएकवीसच भरला.”