नवव्या टाकीची ऊब

ओफेलिया कार्रीसोच्या आईला सोंदा वारा सुटण्याआधी अर्धशिशी उठायची. डोंगरावरून तो तापलेला कोरडा वारा मेंदोसा शहरात उतरायचा दुपारी. आई मात्र सकाळपासूनच कपाळाला फडकं बांधून, खिडक्या लावून बसलेली असायची. लहानग्या ओफेलियानं एकदा विचारलं होतं, "आई, तुझं डोकं दुखतं म्हणून वारा येतो का गं?"

"तसं असतं तर पोरी, मी हे डोकं केव्हाच काढून ठेवलं असतं," आई म्हणाली. हसली नाही.

आधी दिसतं ते कारण असतंच असं नाही, हे ओफेलियाला तेव्हापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही माणूस विसरतो.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली, गावाबाहेरच्या सहकारी वाईनरीत लागली. लग्न केलं, ते मोडलं. का मोडलं याची दोघांची उत्तरं वेगळी होती आणि दोन्ही खरी वाटत. वाईनरीत फुर्लोत्ती नावाचा, वाईन आंबवण्यातला जुना जाणकार निवृत्तीला आला होता. त्याचं ज्ञान यंत्रात उतरवायचं काम तिच्याकडे आलं. माते नावाचा कडू चहा पीत पीत तो सांगायचा, ती नियम बांधायची: असं दिसलं तर असं समजा, असं समजलात तर असं करा. मग फुर्लोत्ती मुलीकडे दक्षिणेला राहायला गेला आणि त्याच्या खोलीत यंत्र बसलं. कामगार यंत्राला 'भाचा' म्हणत, कारण ते नुसते प्रश्न विचारी आणि कामाला हात लावत नसे.

एकोणनव्वद साली, हंगाम ऐन भरात असताना, नवव्या टाकीत आंबणाऱ्या द्राक्षरसाचा फेस बसला.

"भाचा म्हणतो गरम करा," मुकादम किरोगा दारातून म्हणाला. "साखर शिल्लक, फेस नाही, टाकी गार. थंडीनं आंबणं थांबलंय म्हणे. कढत पाण्याची नळी लावतोय."

नियम तिचाच होता, आजवर कधी चुकला नव्हता. तरी ती उठली आणि टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मढ्यासारखा गार.

"किरोगा, रात्री थंडी होती?"

"थंडी? उघडा झोपलो मी. काल अवेळी सोंदा सुटला होता मेला."

"आठवी टाकी?"

"ती उकळतेय आपली मजेत."

"काल वीज गेली तेव्हा गार पाण्याचा पंप चालू होता?"

"पंप काय जपमाळेवर चालतो, बाई? संध्याकाळपर्यंत बंद. ही नववी सगळ्यात भरात होती, नुसती भट्टी झाली होती. वीज आल्यावर सगळ्यांना गार पाणी सोडलं. बाकीच्या परत तापल्या, ही गार ती गारच."

"हे भाच्याला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं कुठं? तो आजचं विचारतो. कालचं आपणहून सांगायला तो काय माझा सोयरा आहे?"

ओफेलियानं मनाशी जुळवून पाहिलं. रसाला आंबवणारं यीस्ट जिवंत असतं तोवर स्वतःची ऊब स्वतःच करतं. काल ते उष्णतेनं मेलं. मेलं म्हणून टाकी गार पडली. गारठा हे कारण नव्हतंच. तो मागून आलेला होता. आता गरम केलं तर उरलेल्या साखरेवर भलतेच जंतू पोसले जातील आणि छोट्या बागायतदारांनी मिळून घातलेली सगळी द्राक्षं नासतील.

"नळी काढ," ती म्हणाली.

व्यवस्थापक एचेगाराय ऐकून आलाच. "दोन वर्षं तुम्हीच सांगत होतात, यंत्राचं ऐका."

"मी त्याला खूण शिकवली, कारण शिकवलं नाही."

"संचालकांना खूण आणि कारण कळत नाही, ओफेलिया. त्यांना टाकी कळते. टाकी गेली तर यंत्र जाईल."

"आणि मीही. कळलं."

आठव्या टाकीतला उसळता रस त्यांनी विरजणासारखा एका रिकाम्या टाकीत घेतला आणि नवव्या टाकीतला मेलेला रस त्यात थोडा थोडा सोडत राहिले. फेस येईना. फुर्लोत्तीच्या खोलीत बसून तिनं यंत्राला विचारलं, गरम का करायचं? यंत्रानं नियम दाखवला. तो नियम का? त्याच्या मागचा दुसरा नियम. विहिरीत हाक मारावी तसा तिचाच आवाज परत येत होता.

तिनं नव्यानं सुरुवात केली. यीस्ट जगतं, म्हणून ऊब. यीस्ट जगतं, म्हणून फेस. फार तापलं, म्हणून यीस्ट मरतं. कशातून काय होतं, एवढंच, कागदावर एकेक बाण काढून. काम फार सावकाश होत होतं. आता यंत्र कालचंही विचारू लागलं.

"भाचा होता तेच बरं होतं," किरोगा म्हणाला. "आता सासू झालाय. काल कुठं होतात, पंप कुणी बंद केला?"

मग एका सकाळी त्यानंच हाक मारली. "बाई, जरा हात लावा."

सगळा रस आता त्या एका टाकीत आला होता. तिनं पत्र्याला हात लावला. ऊब होती.

"ऊन पडलं असेल," ती म्हणाली.

"या भिंतीवर? सूर्य अजून तिकडूनच उगवतो."

तरी तिनं पलीकडच्या बाजूला जाऊन पाहिलं, गार पाण्याची नळी चाचपली, आणि शेवटी पत्र्याला कान लावला. आत फेसाची बारीक सळसळ चालली होती.

"एचेगारायला सांगू?" किरोगानं विचारलं.

"सांग. आणि त्यानं 'का' विचारलं तर मला बोलव."