मेंढीच्या अंगावरचं प्लास्टिक

माझी भाची आपल्या चार वर्षांच्या मुलीला, सईला, शाळेत न घालता घरीच शिकवते. काल सईने मला तिचं पुस्तक दाखवलं. मेंढीच्या चित्रावर खरी लोकर, मगरीची पाठ खरखरीत. हात लावून शिकायचं पुस्तक, आणि भाचीने त्याचं पानन् पान प्लास्टिकमध्ये घातलेलं.

"मळतं गं, मावशी," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. चिखल नको, कणीक नको, आता लोकरही नको. मग मुलांना हात काय नुसते धुवायला दिलेत? मेंढी गुळगुळीत आणि मगरही गुळगुळीत, हेच शिकणार ही पोर.

मी बोलणार, तेवढ्यात सईने माझं बोट धरून मेंढीच्या पोटापाशी नेलं. तिथे तिने नखाने प्लास्टिक कुरतडून भोक पाडलं होतं.

"आईला सांगू नको हं, आजी," ती कुजबुजली.

आतली लोकर बोट फिरवून फिरवून काळी पडली होती.