सुरेखाताई आणि नदीच्या पाण्याचं पान

सुरेखाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी यवतच्या थांब्यावर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. हार्ट अटॅक, पहाटे, शिरूरच्या घरी. मी ‘बरं’ म्हणालो आणि आलेल्या गाडीत चढलोसुद्धा. हडपसर आल्यावर ध्यानात आलं, आपल्याला शिरूरला जायला हवं होतं...

ताई शिरूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली लॅब सांभाळायचो. आम्ही दोघं मिळून एक साधी वेबसाइट चालवायचो. धरणातून पाणी सुटणार असलं की त्यावर सूचना टाकायची, म्हणजे भीमेकाठचे शेतकरी नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर काढतात. गेल्या पावसाळ्यात वडगाव रासाईच्या दत्तूआप्पांची मोटार वाहून गेली. सूचना वेळेत टाकली होती. पण काठावर रेंज तुटकी, पान उघडलंच नाही. ताईंना ते फार लागलं. “आपण टाकलं आन् त्यांना दिसलंच न्हाई, मग काय उपेग?”

म्हणून त्यांनी सर्व्हरवर एचटीटीपी-थ्री चालू करायचं ठरवलं. पान पाठवायची ही नवी पद्धत. एखादा तुकडा वाटेत हरवला तरी बाकीचे अडून बसत नाहीत. सेटिंग केलं, तरी ब्राउझर जुनीच पद्धत दाखवी. दोन दिवसांनी त्यांना सापडलं, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचा, म्हणजे ही नवी पद्धत ज्यावरून चालते तो मार्ग बंदच होता. तो उघडून सकाळीच त्यांनी मला फोन केला. मी बघितलं, ब्राउझरच्या प्रोटोकॉलच्या रकान्यात तरीही एच-टू, म्हणजे जुनीच पद्धत. “ताई, नाही चाललं. होतं ते बरं होतं, तुम्ही उगाच हात लावलात,” मी वैतागून म्हणालो. “आरं, परत एकदा उघड की...” त्या म्हणत होत्या. “उद्या बघू,” म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी यवतला उभा होतो.

दोन आठवड्यांनी लॅबमध्ये बसून पान उघडलं. एच-टू. काही न सुचून पुन्हा उघडलं. एच-थ्री. तिसऱ्यांदाही एच-थ्री. मला काही उलगडेना. वाचलं तेव्हा कळलं, पहिल्या वेळी सर्व्हर जुन्याच पद्धतीनं उत्तर देतो आणि सोबत कळवतो की नवीही आहे. ब्राउझर ती पुढच्या वेळेपासून वापरतो. ताईंचं बरोबर होतं...

दत्तूआप्पांना फोन लावून विचारलं, पान उघडतं का.

“उघडतंय की. म्याडम सवता आल्या व्हत्या, जायच्या आदल्या दिशी, दुपारी. काठावर हुबं ऱ्हाऊन माझ्याच मोबाईलवर बघितलं. तुमाला बोलल्या न्हाईत व्हय?”

नाही बोलल्या. माझं ऐकून शंका आली म्हणून गेल्या, की खात्री होती म्हणून? संध्याकाळी फोन करणार होत्या, की मीच ‘उद्या’ म्हटलं म्हणून थांबल्या? मला ठरवता येत नाही.

आता सर्व्हरवर काहीही बदललं की मी वडगाव रासाईची एसटी धरतो. काठावर पान उघडतो. “दिसलं का?” आप्पा विचारतात. दिसलं, म्हणतो. काम तेवढंच असतं. पण पाय लगेच निघत नाही. कुणाला तरी फोन करायचा राहिलाय असं वाटून मोबाईल हातातच धरून उभा राहतो.