सावड न आलेलं खाचर

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, भोरच्या अलीकडच्या आमच्या गावात एका हंगामात फक्त दोन माणसांनी अख्खं खाचर लावलं. एक मी, दुसरी माझी बायको. तिसरा देव होता असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात. असेल, पण चिखलात वाकलेला मला तरी दिसला नाही.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात वाकायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, दुपारची भाकर आणि भरपूर चेष्टा. सावडीतून ज्याला वगळलं, त्याची रोपं वाफ्यातच म्हातारी होतात.

मला प्रार्थनेला पहिल्यांदा नेलं ते थोरल्या चुलतभावानं, म्हणजे दादानं. वहिनी धापेनं अंथरुणाला खिळली होती. दवाखाने झाले, देवऋषी झाले, मग कुणीतरी भोरच्या प्रार्थनेचं सांगितलं. दादाला एकट्याला जायची लाज, म्हणून त्यानं मला गाडीवर मागे बसवलं. मी गेलो करमणुकीला. गाणी, ढोलकी, हुंदके देणारी माणसं. माझ्यासारख्या नाटक्याला आणखी काय हवं? वहिनी हळूहळू उठून चुलीपाशी बसू लागली आणि मी मात्र तिथंच अडकलो. कसा, ते आजही नीट सांगता येत नाही. एवढं खरं की, आयुष्यात पहिल्यांदाच मला गप्प बसावंसं वाटलं.

बाप्तिस्म्याआधी पाळकसाहेबांनी बजावलं, "काय काय जाईल ते मोजून घ्या." मी मोजलं. जत्रेचं मटण जाईल, जत्रेच्या नाटकातला माझा खलनायक जाईल, भोंगवलीचे पाव्हणे लग्नाला बोलवायचे नाहीत. सगळं मोजलं, दादाला तेवढं मोजलं नाही. "पुढच्या खेपेला म्याबी पाण्यात उतरतो," असं तो म्हणाला होता. तो जमेच्या बाजूला होता.

दादाचं खाचर आम्ही सगळ्यांनी लावलं, त्याच संध्याकाळी देवळात गावाची बैठक बसली. माझ्या पायांवरचा त्याचा चिखल अजून वाळला नव्हता. प्रार्थनेला जातोस का, असं मला विचारलं, तेव्हा मी छाती काढून, पहिल्या अंकाचा पडदा पडावा अशा थाटात म्हणालो, "व्हय, म्या जातो," आणि दादाकडे पाहिलं.

"आन् तुमी वो?" एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं.

दादा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "म्या कशाला जातोय? ह्याच्याकडं गाडी न्हाई, म्हणून सोडाया जायचो."

बैठक हसली. सवयीनं मीही हसलो. रोपाची मूठ कशी धरायची हे मला ज्यानं शिकवलं, तो नंतर माझ्या शेजारीच उभा राहून चप्पल शोधत होता. पायात घातल्यावरही चपलेकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाळी आमची. बायकोनं सगळ्यांच्या भाकरी थापल्या होत्या. कुणी आलं नाही. सावड शेजारच्या खाचरात लागली होती, आमच्याकडे पाठ करून.

"येशूनं थोड्या भाकरींत हजारो माणसं जेवू घातली," मी तिला धीर दिला.

"त्या गोष्टीत भाकरी कमी आन् मानसं लई हुती," ती म्हणाली. "आपलं उलटं झालंय. वाका आता."

दुपार कलल्यावर दादा छत्री घेऊन बांधावर आला. वहिनीला सकाळपासून पुन्हा धाप लागली होती. पावसात तो काहीतरी पुटपुटला. मला शब्दन् शब्द ऐकू आला. तो सांगत होता ते मी पहाटेच केलं होतं. वहिनीचं नाव मी रोजच घ्यायचो. तरी मी चिखलाचा हात कानामागे धरला.

"काय?"

तो पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं.

"पाऊस लई हाय, दादा. न्हाई येत ऐकू."

बायको खाली मान घालून रोपं लावत होती. तिचे खांदे मात्र हलत होते. दादा लहानपणापासूनच तापट. तो शेवटी असा ओरडला की, शेजारच्या खाचरातली सगळी सावड कंबर सरळ करून उभी राहिली.

"आरं, तुझ्या वहिनीसाठी प्रार्थना कर म्हंतोय, पर माझं नाव घिऊ नगंस, गावाला कळंल."