पिठाच्या बोटांसाठी

पुतणी नोकरीसाठी परगावी निघाली, तेव्हा वहिनी कॉम्प्युटरवर तिच्यासाठी चकलीच्या भाजणीचा तक्ता करत होती. तक्ता झाला, तरी तिचं समाधान होईना. मापांचा सगळा मजकूर मधोमध सारून ती चारही बाजूंनी कोरी जागा वाढवत राहिली.

"वहिनी, अर्धा कागद वाया गेला की!" मी म्हणालो.

"भावजी, ती तो पिठाच्या हातानंच उचलणार. मग बोटं कुठे ठेवील?"

कोरी जागा म्हणजे उरलेली जागा, असंच मी आजवर समजत होतो. वहिनीनं ती राखून ठेवली होती.

दिवाळीत पुतणीकडे गेलो, तर तिनं खुसखुशीत चकल्या पुढे ठेवल्या. ओट्यावर तोच कागद होता. कडेनं तेलकट बोटांचे ठसेच ठसे होते, आणि मधलं एकही माप पुसलं नव्हतं.