मी मराठीत उतरवलेली अफवा

माझ्या मराठीचा मला भारी अभिमान. आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळात कुठलाही इंग्रजी कागद आला, की म्हातारी मंडळी तो माझ्याकडे पाठवतात आणि मी सोप्या मराठीत उतरवून सगळ्यांना मेल करते. फिरत फिरत आलेली एक इंग्रजी मेलही तशीच उतरवून पाठवली. मजकूर असा: पहिल्या तारखेपासून तुमच्या कर्जाची, कार्डाची सगळी माहिती कुणालाही पाहता येणार. थांबवायचं असेल तर आधार, पॅनची झेरॉक्स आणि सही केलेला अर्ज खालच्या पत्त्यावर धाडा. वर मी पदरचं वाक्य जोडलं, 'आळस करू नका.' अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

संध्याकाळी सून ऑफिसातून आली. ती बँकांचीच कामं बघते. मेल वाचून तिने कपाळाला हात लावला.

"आई, कुणीही उठून कुणाची माहिती बघू शकत नाही. आणि असे कागद मागवणारा चोरच असायचा."

मी लगेच मंडळातल्या एकेकाला फोन लावत सुटले. एक म्हणाले, "तुमची मेल लांबलचक असते हो, सावकाश वाचू म्हटलं." दुसऱ्यांचा मुलगा त्यांच्या मेल बघतो आणि त्याला मराठी वाचता येत नाही. वीसेक फोन केले, कुणी म्हणून वाचली नव्हती. एरवी महिनाभर रुसले असते. त्या दिवशी मात्र हायसं वाटलं.

नारायणगुड्याच्या काकू तेवढ्या फोन उचलेनात. काका गेल्यापासून एकट्या, सगळा संसार पेन्शनवर, आणि माझं अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या त्याच. रिक्षा केली. मी इतकी घाई लावली की रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, परेशान नक्को होओ."

दार काकूंनीच उघडलं. झेरॉक्स काढायला गेल्या होत्या, फोन घरीच राहिला होता. टेबलावर जाडजूड पाकीट. आधार, पॅन आणि कुणी न मागितलेलं पेन्शनचं पासबुकसुद्धा.

"पाठवलं नाहीत ना, काकू?"

"आज अमावास्या. मी सही करते होय? उद्या सकाळी करणार होते."

मला चक्क रडू आलं. मेल खोटी आहे, कुणाला न विचारता मी ती पुढे पाठवली, सगळं सांगून टाकलं. काकूंनी पाणी दिलं. रागावल्या नाहीत, तेच जड गेलं.

"इंग्रजीत आली असती तर मी ढुंकूनही बघितलं नसतं," त्या म्हणाल्या. "तू लिहिलंस म्हणून खरं मानलं. आता खरं काय तेही तूच लिही."

तिथेच बसून लिहिलं. पहिलं वाक्य लिहायला फार वेळ लागला: चूक माझी आहे.