पलीकडे माणूस नसलेला सौदा

शफीभाईंच्या उजव्या हाताला अकोल्याच्या धान्यबाजारात मान होता. तिथले जुने दलाल अजूनही रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत, आणि शफीभाईंनी एकदा बोट दाबलं की भाव पक्का. मग बाजार चढो की उतरो, ते फिरत नसत. मूर्तिजापूरहून रोज पॅसेंजरनं येणाऱ्या या शांत, पानाच्या शौकीन माणसाला लेखी काही मागावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

दोन हजार सातच्या सुरुवातीला भगवंतरावांनी बाजारासमोरच्या माडीवर वायद्याचं, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या मालाचा भाव आजच ठरवून सौदे करण्याचं, ऑफिस टाकलं. थंडगार हवा, चार संगणक, पडद्यावर मुंबईचे हलते भाव. दहा रुपये भरले की शंभराचा हरभरा आपल्या नावावर. हरभरा तर शफीभाईंच्या हाडामांसातला. पेरा कमी आहे, भाव चढणार, असं ते सगळ्यांना सांगतच होते. त्यांनी घेतला. खातं मात्र फरजानाबींच्या, म्हणजे बायकोच्या नावानं उघडावं लागलं, कारण घरात पॅन कार्ड आणि चेकबुक त्यांचंच होतं. स्टेशनजवळ वडिलांकडून मिळालेल्या खोलीत त्या पोरींना शिवणकाम शिकवत.

सुरुवातीला भाव चढला. शफीभाईंनी सौदा वाढवला. पावसाळ्यात हरभरा उतरायला लागला, आणि शंभराचे नव्वद झाले की भरलेले दहाच्या दहा संपतात आणि सौदा टिकवायला पुन्हा भरावे लागतात, हे त्यांना तेव्हा उमगलं. दुपार झाली की भगवंतरावांचा फोन येई, "शफीभाई, मार्जिन कमी पडून राहिलं." आधी साठवलेलं गेलं. मग खोलीचे कागद तारण म्हणून भगवंतरावांच्या कपाटात गेले. फरजानाबींनी सही केली आणि म्हणाल्या, "एकदाच हं."

डाळमिलमधला देवीदास त्यांचा जुना दोस्त. परतीच्या गाडीत त्यानं विषय काढला.

"काहून धरून बसला बे? काट ना सौदा."

"बोट देल्लं म्या."

"कोणाले देल्लं? रुमालाखाली माणूस असते. इथं पलीकडं कोण हाय, सांग बरं."

"असन कोणीतरी. माह्या भरवशावर त्यानं इकला असन."

"त्याले तुह्यं नावबी माहीत नाई, लेका!"

देवीदासचं म्हणणं शफीभाईंच्या डोक्याला पटत होतं. हाताला पटत नव्हतं. सगळा जन्म ज्या सवयीनं इज्जत दिली, ती या एका सौद्यापुरती सोडायची कशी, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

भगवंतरावांनी दुसरी वाट सुचवली होती. आधी विकायचं, भाव पडला की घ्यायचं. पडत्या बाजारातही कमाई. "जे माह्याजवळ नाई ते इकू कसं?" शफीभाईंनी विचारलं होतं. झालं, तीही वाट बंद. महिना संपला की तोच सौदा पुढच्या महिन्यावर ढकलला जाई, आणि फोन पुन्हा सुरू.

अशात अमरावतीला सभा ठरली. लहान माणसाला वायद्यात येऊ द्यावं की नाही, हे विचारायला मुंबईहून सरकारचे दोन साहेब येणार होते.

"तुमी बोला," भगवंतराव म्हणाले. "बंद झालं तर तुमचा सौदा पडत्या भावात तुटते, खोलीबी जाते. बोलले तर महिनाभर मार्जिन मागत नाई."

शफीभाई तयार झाले. बहिणीला भेटायचं म्हणून फरजानाबीही सोबत निघाल्या आणि सभेत मागच्या रांगेत बसल्या.

एक प्राध्यापक म्हणाले, उसनवारीच्या जोरावरचे असे सौदे लहान माणसासाठी बंदच करा. भगवंतराव ताडकन उठले. "म्हणजे मुंबईवाल्यांना दार खुलं, अन् आमाले कुलूप? आमाले अक्कल नाई का?" टाळ्या पडल्या. शफीभाईंनाही ते मनापासून खरं वाटलं. ते उठून म्हणाले, "चालू ठेवा साहेब."

एका साहेबांनी सौम्यपणे विचारलं, "सौदा करताना आपलं जास्तीत जास्त किती जाईल असं वाटलं होतं?"

"भरलं तेवढं."

"आणि आता?"

शफीभाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "चालू ठेवा साहेब," ते पुन्हा म्हणाले आणि खाली बसले.

चहाच्या सुट्टीत फरजानाबी सरळ भगवंतरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सौदा माह्या नावावर हाय ना? काटा."

"भाभी, पण शफीभाई तर..."

"जबान त्यायनं देल्ली. म्या नाई देल्ली."

भगवंतरावांनी शफीभाईंकडे पाहिलं. शफीभाईंनी कपात पाहिलं. भगवंतरावांनी ऑफिसात फोन लावला, आणि चहा संपायच्या आत सौदा तुटला.

खोली गेली. मशिनी घराच्या ओसरीत आल्या, निम्म्या पोरी सुटल्या. आणि पुढे हिवाळ्यात हरभरा चढला. "भाभीनं घाई केली राजेहो!" बाजारात लोक म्हणत. शफीभाई हसत. पण दुपारी माडीचा जिना चढत, सौदा नसलेल्या पडद्यासमोर बसत आणि थांबलो असतो तर किती झाले असते याचा हिशेब करत. घरी ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फरजानाबींनी विचारलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सरकारनं हरभऱ्याचा वायदाच थांबवला. देवीदास बातमी घेऊन घरी आला.

"एक वर्ष आधी बंद केलं असतं त?"

"त म्या भांडलो असतो," शफीभाई म्हणाले. "मोर्चा काढला असता त्यायच्यावर."

"काढला असता," मशीनवरून मान वर न करता फरजानाबी म्हणाल्या. "अन् मोर्चातून दमून आपल्याच खोलीवर चहा प्याले आले असते."